बाईंनी भरलेली बाटली

१

बाटलीतलं पाणी वाढलं होतं.

पाणी उडतं, आटतं, झिरपतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण काचेचं बूच, वर लाखेचं सील, बाटली कपाटात बंद, आणि आतलं पाणी बोटभर वर चढलेलं? किल्लीकाकांनी आधी डोळे पुसले, मग चष्मा पुसला, आणि मग हातातल्या फडक्यासकट थेट नव्या साहेबांच्या खोलीत जाऊन दिसलं ते सांगून मोकळे झाले. तिथेच त्यांचं चुकलं. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

इथूनच निवृत्त झालेल्या आक्का जुन्या इमारतीचा निरोप घ्यायला प्रयोगशाळेत पोहोचल्या तेव्हा काका बोळात एका पालथ्या खोक्यावर बसले होते. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा दिसत नव्हता. काकांना जुडग्याशिवाय आक्कांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते लांब असले तरी त्या खुळखुळाटावरून कळायचं, काका आले, आता काचसामान मोजून परत द्या.

"काय झालं हो काका?"

"आक्का, बाईंच्या बाटलीला मी हात लावीन का?" एवढंच म्हणाले आणि मान खाली घातली.

आता बाईंची बाटली म्हणजे काय, ते सांगायला हवं. शहराचं अन्नपाणी तपासायची ही प्रयोगशाळा जिथे उभी आहे, तिथल्या अंगणात एक विहीर होती. उद्घाटनाच्या दिवशी मोठे साहेब, म्हणजे पहिले संचालक, विहिरीपाशी उभे राहून बायकोला म्हणाले, "पहिला नमुना तू भर." बाई तेव्हा बागेत कुंड्या भरत होत्या. तशाच हात झटकत आल्या आणि बाटली मनगटापर्यंत बादलीत बुडवली. साहेब ओरडले, "अगं, हात धू आधी! नमुन्याचं वाटोळं केलंस!" बाई म्हणाल्या, "काही होत नाही तुमच्या नमुन्याला." सगळे पोट धरधरून हसले. साहेबांनी रागारागाने दुसरा नमुना घेतला, पण ही बाटलीही लाखेनं बंद करून स्वतःच्या अक्षरात लेबल लावून कपाटात ठेवली. बादली ओढायला माळ्याच्या हाताखालचा एक पोरगेला गडी होता. "हा कामाचा आहे, याला ठेवून घ्या," असं बाईंनीच सांगितलं. तेच हे किल्लीकाका.

पुढे रस्ता रुंद झाला, विहीर बुजवली. काही वर्षांपूर्वी बाईही गेल्या. राहिली ती बाटली.

आता ही जुनी इमारत पाडायची होती. नव्या इमारतीत कपाटाएवढं थोरलं यंत्र आलं होतं, आणि नव्या साहेबांच्या डोक्यातून एक छान कल्पना निघाली होती: यंत्रात पहिलं पाणी घालायचं ते बाईंच्या बाटलीतलं, आणि बटण दाबायचं ऐंशी ओलांडलेल्या मोठ्या साहेबांनी. समारंभ उद्या सकाळी होता.

"किल्ली एकट्या काकांकडे," नवे साहेब आक्कांना म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. "सामान बांधताना पाणी सांडलं असेल, घाबरून नळाचं भरलं असेल, आणि पचत नाही म्हटल्यावर स्वतःच येऊन सांगितलं. उद्या मला मोठ्या साहेबांना खरं सांगावंच लागेल. आणि असा माणूस मी नव्या इमारतीच्या स्टोअरवर कसा नेऊ, मॅडम?"

"उद्या सकाळपर्यंत थांबा."

"थांबतो. पण तुम्ही करणार काय?"

आक्का उत्तर द्यायच्या आत दारातून सूक्ष्मदर्शकवाल्या भिंगताईंचा आवाज आला, "अहो साहेब, आक्कांचं नाक आहे ना! बाटली नुसती हुंगली की चोर सापडला म्हणून समजा."

आक्कांचा हात नकळत नाकाकडे गेला.

२

आक्का निवृत्त झाल्या तरी त्यांच्या नाकाच्या गोष्टी प्रयोगशाळेत अजून चालत. तेलात भेसळ कशाची, दूध कालचं की आजचं, पिंपात आधी काय भरलं होतं, सगळं आधी नाक सांगायचं आणि मग रसायनं त्याची री ओढायची. नाकआक्का हे नाव त्यांना तोंडावर म्हटलेलंही चालायचं.

फक्त गेल्या वर्षीच्या तापानंतर ते नाक गेलं होतं. पार गेलं होतं. घरात फक्त सुनेला माहीत, कारण दूध करपून काळं झालं तरी सासूबाई शेजारी शांत उभ्या, हे तिनं पाहिलं होतं. आक्कांनी तिला शपथ घातली होती.

त्या आपल्या जुन्या टेबलापाशी बसल्या. टेबलाच्या कडेला कोपर ठेवून ठेवून झालेला खळगा तसाच होता. कोपर त्यात बरोबर बसलं आणि आक्कांना एकदम भरून आलं. याच खळग्यात कोपर टेकून त्यांनी अर्ध्या शहराचं पाणी तपासलं होतं. शेजारच्या टेबलावर मोठे साहेब ज्योतीत मीठ धरून रंग दाखवायचे, खिडकीत भिंगताई डोळा लावून बसायची, आणि पलीकडच्या खोलीतून अण्णाची शीळ ऐकू यायची. आज खिडकीला पडदा नव्हता आणि भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते.

लाख अलगद तापवून त्यांनी बूच काढलं. भोवती सगळे दाटीवाटीने उभे: नवे साहेब, काका, सूक्ष्मदर्शकावर आयुष्य काढलेल्या भिंगताई, आणि जंतूंच्या खोलीचे अण्णा. अण्णा आज शीळ घालत नव्हते.

"हुंगा ना, आक्का," भिंगताई म्हणाल्या.

आक्कांनी बाटली नाकाशी नेली. काही नाही. हवा नुसती. त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठी घातली आणि "हं" केलं. या वयात इतकं नाटक जमायलाच हवं. डोळे उघडले तर समोर अण्णांचा चेहरा पांढराफटक पडलेला, आणि ते दोन्ही हात कोटाला पुसत होते. उकडतंय, म्हणून असेल, असं आक्कांना तेव्हा वाटलं.

"नाकावर कुणाला फासावर चढवू नये," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "आपण थेंब टाकून बघू."

त्यांनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत बाईंच्या बाटलीतलं पाणी. दुसरीत वरच्या फळीवर कित्येक वर्षं विसरून राहिलेल्या एका धूळभरल्या बाटलीतलं. दोन्हींत दर्शक रसायनाचा एकेक थेंब टाकला. विसरलेलं पाणी पटकन गुलाबी झालं. बाईंच्या बाटलीतलं होतं तसंच राहिलं.

"म्हणजे?" नव्या साहेबांनी विचारलं.

"जुन्या साध्या काचेत सोडा असतो. पाणी वर्षानुवर्षं तिच्यात राहिलं की तो हळूहळू पाण्यात उतरतो, आणि हा थेंब गुलाबी होतो. म्हाताऱ्या पाण्याला गालावर लाली चढते म्हणा ना. हे पाणी तरणं आहे, साहेब. दोन-चार दिवसांचंसुद्धा नसेल."

"मी तेच म्हणत होतो!" साहेबांनी काकांकडे पाहिलं.

"थांबा. किल्ली एकट्याकडे होती, असंही तुम्ही म्हणत होतात." आक्का उठल्या, कपाट लावून घेतलं, कुलूप घातलं. मग दाराखाली गुडघा टेकवून दार जरासं वर उचललं आणि ओढलं. कपाट उघडलं, आणि कुलूप दाराला लटकत राहिलं.

साहेबांनी लटकतं कुलूप हातात धरून पाहिलं. "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"जुन्या माणसांना. पूर्वी बरेच होतो. आता या इमारतीत आम्ही चौघंच उरलो."

म्हणजे काका, भिंगताई, अण्णा आणि खुद्द आक्का. कुणी कुणाकडे बघेना.

३

आक्कांनी काकांना चहा दिला आणि शेजारी खोक्यावर बसल्या.

"काका, परवापासून कपाटापाशी कोण दिसलं?"

"कुणी नाही."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. उगाच प्रयत्न करू नका."

काका कपात बघत राहिले. पण मधूनच त्यांची नजर भिंगताईंच्या दाराकडे जायची आणि चटका बसल्यासारखी परत यायची. आक्कांना काय ते कळलं.

"आळ तुमच्यावर आलाय, आणि तुम्ही तिला झाकताय?"

"मी गेलो तर एकटा जाईन, आक्का. पोरी लग्न होऊन गेल्या, मला काय. पण मोठे साहेब उद्या येणार, आणि त्यांच्यासमोर…" त्यांनी कप खाली ठेवला. "बाईंनी मला इथे उभं केलं. बाईंचं पाणी मी सांडलं, असं त्यांनी ऐकायचं?"

आक्का तडक भिंगताईंकडे गेल्या. भिंगताई सूक्ष्मदर्शक कापडात गुंडाळत होत्या.

"परवा तू कपाट उघडलंस."

भिंगताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "काल. परवा नव्हे, काल. उघडलं, बाटली हातात घेतली, थोडी रडले आणि ठेवून दिली. बाई मला थंडीत स्वतःची शाल द्यायच्या, आठवतं? उद्या ते पाणी यंत्रात जाणार, संपणार. म्हटलं, एकदा हातात घ्यावी." मग त्या चपापल्या. "आक्का, काल मला सील फार चकचकीत वाटलं होतं. म्हटलं, काकांनीच पुसून लख्ख केलं असेल उद्यासाठी."

"मग हे बघ." आक्कांनी बाटलीतल्या पाण्याची छोटी नळी पुढे केली. "यात काय आहे ते सांग. आणि केलं असशील तर आत्ताच सांग, उगाच भिंगं पुसायला नकोत."

"तुमची जीभ मात्र अजून शाबूत आहे हं!" असं म्हणून भिंगताईंनी सूक्ष्मदर्शकाचं कापड परत सोडलं. खिडकीकडे आरसा वळवला, थेंब काचेवर घेतला आणि बसल्या. एक डोळा भिंगात, दुसराही उघडाच. हिला दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायला मोठ्या साहेबांनी शिकवलं होतं, डोळा मिटला की टपली मारायचे. किती दिवस झाले त्याला!

"नळाचंच पाणी. गाळलेलं, अगदी निर्मळ. पण एक गंमत आहे. तंतू दिसतोय. पीळ पडलेला, चपटा. कापूस आहे." त्यांनी चाक किंचित फिरवलं. "आणि टोक काळं. जळलेलं."

"कापूस जळलेला?"

"बघा ना तुम्हीच."

आक्कांनी पाहिलं. मग बाटली उचलून उजेडात धरली. साहेबांच्या अक्षरातलं लेबल पिवळं पडलेलं होतं, ते वयानं. पण वरची कड, बाटलीच्या गळ्याला लागून असलेली, तपकिरी होती. कड बोटानं चाचपली तर पापुद्रा सुटला. गळ्यावर पुसटशी काजळीही होती.

पाणी बदलायला बाटली जाळावर कशाला धरावी लागते? घाबरलेला माणूस बूच काढेल, पाणी ओतेल, बूच लावेल. काका असते तर त्यांनी तेवढंच केलं असतं. भिंगताई असत्या तर त्यांनी थेंबभर पाणी घेऊन बाकीचं सोडलं असतं. बाहेरचे जंतू शिरू नयेत म्हणून बाटलीचं तोंड ज्योतीतून फिरवणारा आणि मोकळ्या तोंडात कापसाचा बोळा घालणारा या इमारतीत एकच माणूस होता, आणि त्याला तसं केल्याचं आठवतही नसणार.

"नाही हो आक्का," भिंगताई कुजबुजल्या. "तो असं का करेल?"

४

अण्णांच्या खोलीत बर्नर पेटलेला होता. सगळं सामान बांधून झालं तरी बर्नर तेवढा टेबलावर होता.

"या आक्का. पाणी घेता?" त्यांनी पिण्याच्या पाण्याची काचेची बाटली उचलली. बूच करंगळीत धरलं, टेबलावर ठेवलं नाही. बाटलीचं तोंड ज्योतीतून एकदा फिरवलं, पेल्यात पाणी ओतलं, पुन्हा तोंड ज्योतीतून फिरवलं, बूच लावलं आणि पेला पुढे केला.

आक्का पेल्याकडे बघत हसल्या. हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"घरीसुद्धा असंच करतोस का रे?"

"काय असंच?"

"बाटली ज्योतीतून काढतोस. पाणी प्यायचं असो की बाईंच्या बाटलीतलं असो."

अण्णांनी बर्नर बंद केला. म्हणाले, "मला वाटलं, सकाळीच तुम्ही ओळखलंत. माझ्या हातांना कायम त्या जंतुनाशकाचा, कार्बोलिकचा वास. बुचाला लागलाच असणार. तुम्ही बाटली नाकाला लावलीत आणि मला वाटलं, संपलं."

"नाक गेलंय माझं, अण्णा. वर्ष झालं."

"काय सांगता!"

"तुझ्या बाटलीला आग लागली असती तरी मला कळलं नसतं. तोंड मिटून ठेव आता. आणि बोल."

तोंड मिटून कसं बोलायचं, हे अण्णांनी विचारलं नाही. ते बोलले.

"नव्या साहेबांना मी विचारलं होतं. म्हटलं, यंत्रात घालण्याआधी मला द्या, आत काही जिवंत आहे का बघतो. ते हसले. इतक्या जुन्या पाण्यात काय जिवंत असणार, म्हणाले. यंत्राचंही बरोबरच आहे. ते पाण्यात काय आहे ते कणाकणानं सांगेल, पण आधी सगळं जाळून. जिवंत काय होतं, ते नाही सांगणार. आणि आक्का, बाईंचे हात मातीचे होते. आठवतं ना?"

आक्कांना आठवत होतं.

"मातीतले काही जीव बीजासारखे मिटून पडून राहतात. वर्षानुवर्षं. मला वाटलं, एक जरी असेल… मोठ्या साहेबांना सांगून करावं, तर काही न निघाल्यावर त्यांना काय वाटेल? म्हणून गुपचूप केलं. सगळं पाणी बारीक गाळणीतून ओतलं, गाळणी जंतू वाढवायच्या प्लेटवर ठेवली. ठरवलं होतं, खालचं गाळलेलं पाणी परत बाटलीत भरायचं. तोवर बाटलीला बोळा लावून ठेवला."

"मग?"

अण्णांनी टेबलाखालच्या बादलीकडे बोट दाखवलं. "हात, आक्का. माझेच हात! काम झालं की उरलेलं द्रव कार्बोलिकच्या बादलीत. सगळी नोकरी हेच केलं. डोकं प्लेटपाशी होतं आणि हातांनी गाळलेल्या पाण्याचा फ्लास्क उचलून बादलीत रिकामा केला. ओतताना आवाज झाला तेव्हा मला कळलं." त्यांचे डोळे भरले. "मग काय, नळाचं पाणी, घाईत बोटभर जास्तच, आणि नवी लाख."

"आणि काकांवर आळ आला, तो?"

"आज सकाळी कळलं. उद्या सांगणारच होतो, प्लेट पक्की झाली की…"

"उद्या!" आक्का कडाडल्या. "तो माणूस सकाळपासून बोळात खोक्यावर बसलाय. जुडगा काढून घेतलाय त्याचा. तुझी प्लेट पक्की होईपर्यंत त्यानं तिथे जीव जाळत बसायचं? लाज वाटत नाही?"

"वाटते," अण्णा म्हणाले आणि उठले. कोट सरळ केला. दारात थांबून मागे वळले. "आक्का, जाण्याआधी एकदा उबेच्या पेटीत बघा. वरच्या कप्प्यात."

आक्कांनी पेटी उघडली. वरच्या कप्प्यात तीन प्लेटा होत्या. दोन स्वच्छ, कोऱ्या. तिसरीत डोकावल्या आणि त्यांचा हात दारावर तसाच राहिला.

"या दोन कोऱ्या कसल्या?" त्यांनी मागे न बघता विचारलं. आयुष्यभराची खोड, आधी शंका.

"तीच गाळणी, तीच भांडी, तेच हात. फक्त बाईंचं पाणी नाही," अण्णा म्हणाले. "मी आणलेलं असतं तर त्यांतही उगवलं असतं."

मग त्यांची पावलं बोळात काकांच्या खोक्यापाशी गेली आणि तिथे बराच वेळ थांबली. तिथून दोघांची पावलं साहेबांच्या खोलीकडे गेली.

५

सकाळी मोठे साहेब काठी टेकत आले. आधी नव्या इमारतीत जायला तयारच होईनात. "जुनी बघू दे एकदा," म्हणाले. म्हणून सगळे रिकाम्या प्रयोगशाळेतच जमले.

नव्या साहेबांनी सर्वांदेखत किल्ल्यांचा जुडगा काकांच्या हातात ठेवला. "चूक माझी झाली, काका. विचारायच्या आधी ठरवून बसलो." काकांनी जुडगा कमरेला अडकवला, आणि तो खुळखुळला तशी मोठ्या साहेबांनी मान वर केली. "हा आला वाटतं," ते म्हणाले.

मग अण्णा पुढे झाले. जे केलं ते सगळं सांगितलं, बादलीसुद्धा लपवली नाही. मोठे साहेब ऐकत होते. पाणी गेलं हे ऐकताना त्यांची काठीवरची बोटं घट्ट झाली. भिंगताईंनी आक्कांचा हात धरला.

"सगळं गेलं?" साहेबांनी विचारलं.

"पाणी गेलं, साहेब. हे राहिलं."

अण्णांनी प्लेट त्यांच्या हातात दिली. साहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि खिडकीशी गेले. प्लेटमध्ये मधोमध एक पांढरा ठिपका होता आणि त्याच्यापासून चहूकडे बारीक बारीक वळणदार फाटे फुटत गेले होते. कुंडीतून रोप उपटावं आणि मुळं दिसावीत, तसंच दिसत होतं.

"मातीतला जीव आहे," अण्णा हळूच म्हणाले. "खोल विहिरीत सहसा नसतो. हाताला लागून आला असावा, एवढंच मी म्हणू शकतो."

साहेब कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिले. दोन्ही डोळे उघडे होते आणि दोन्ही वाहत होते.

"हात धू, हात धू, म्हणून जन्मभर ओरडलो तिच्यावर," ते म्हणाले. "बरं झालं. एकदाही ऐकलं नाही."

आक्कांना पाण्याचा, मातीचा, कसलाच वास येत नव्हता, आणि तरी त्यांना त्या दिवसाचं अंगण डोळ्यांसमोर दिसत होतं, बादली ओढणाऱ्या पोरगेल्या काकांसकट.

साहेबांनी वळून काकांना हाक मारली. "अरे, ही नव्या इमारतीत तू ने. तुझ्या कपाटात ठेव."

काका पुढे आले, आणि सवयीप्रमाणे आधी नळाकडे वळले. काचसामानाला हात लावण्याआधी हात धुवायचे, हे साहेबांनीच त्यांना शिकवलं होतं.

"राहू दे," साहेब म्हणाले. "तशीच घे."